आरोग्य केंद्रातून जिल्हा परिषदेत: राजीनाम्यापासून निवडणूक खर्चाच्या हिशेबापर्यंत

सरकारी सेवेतील काही तरुण डॉक्टर अलीकडे माझ्याकडे एकच चौकशी करतात: नोकरी सोडून स्थानिक निवडणूक लढवायची तर सुरुवात कोठून करावी, कोणते कागद लागतात, किती पैसे लागतात आणि निवडून आल्यावर डॉक्टरला तेथे खरोखर काही करता येते का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदा क्रमाने लिहून ठेवावे, असे ठरवले. मी मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सुमारे दहा वर्षे वैद्यकीय अधिकारी होते, २०१६ मध्ये राजीनामा दिला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेची निवडणूक लढवली. जिल्हा, गाव आणि पक्ष यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. ज्यांच्याशी माझे खटके उडाले त्यांतील काही जण अजून त्याच खुर्च्यांवर आहेत आणि आपली बाजू मांडायला ते येथे नाहीत.

आधी कारण सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची कागदपत्रे नुसती कटकट वाटतील. सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दिवस ओपीडीत सुरू होत असला तरी बाळंतपणे, लसीकरण, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, शवविच्छेदन आणि गावोगावच्या पाण्यावरची देखरेख हेही त्याच्याच नावावर असते. यांतले पाण्याचे काम विचित्र आहे. आरोग्य सेवक नमुना घेतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल ‘पिण्यास अयोग्य’ असा आला की वैद्यकीय अधिकारी ग्रामसेवकाला पत्र लिहितो, आणि तेथे त्याचे काम संपते. पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) टाकणारा जलसुरक्षक ग्रामपंचायतीचा, पावडर विकत घेणारी ग्रामपंचायत आणि फुटलेली पाइपलाइन दुरुस्त करणारीही तीच.

२०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात काय परिस्थिती होती हे अनेकांना आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो हा उन्हाळा. आमच्या भागातही टँकर सुरू होते. मे महिन्याच्या अखेरीस एका गावातून जुलाब-उलट्यांचे रुग्ण येऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी तर शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. दुपारी रुग्ण थोडे स्थिरावल्यावर मी आरोग्य सेवकाबरोबर ओटी तपासणीला निघाले. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. पहिल्या घरी रंग आला नाही, शेवटच्या घरी आला नाही, टाकीखालच्या नळालाही आला नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलचे पोते होते, पण तोंड उघडे राहून त्याचा दगड झाला होता, आणि पावडरीतले क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेले की ती पाण्यात टाकली काय आणि न टाकली काय, सारखेच. पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचा खड्डा गटाराला लागून होता. टँकरचे पाणी सोडून झाले आणि नळ रिकामे पडले की गटारातले पाणी त्या खड्ड्यातून आत ओढले जात होते.

त्या व्हॉल्व्हबद्दल मी आदल्या वर्षीच पत्र दिले होते आणि जावक नोंदवहीत त्याचा क्रमांकही होता. सुदैवाने त्या साथीत कोणी दगावले नाही. पुढच्या पंचायत समितीच्या मासिक सभेत साथीबद्दल खुलासा करण्यासाठी मला बोलावण्यात आले. औषधसाठा पुरेसा होता का, डॉक्टर मुख्यालयी राहतात का, रुग्णवाहिका वेळेवर का आली नाही, असे प्रश्न झाले. ते रास्तच होते आणि मी उत्तरे दिली. मी व्हॉल्व्हचा विषय काढला तेव्हा मात्र, ‘मॅडम, तो विषय आरोग्याचा नाही, पाणीपुरवठ्याचा आहे,’ असे सांगून पुढचा विषय घेण्यात आला. इतिवृत्तात व्हॉल्व्हची नोंदही झाली नाही. त्या सभेत ज्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार होता त्यांना व्हॉल्व्ह ठाऊक नव्हता, आणि ज्यांना व्हॉल्व्ह ठाऊक होता त्यांना फक्त उत्तरे द्यायची होती. राजकारणात जाण्याचा विचार माझ्या मनात त्या दिवशी आला, आणि तो रागातून आला, हे लपवण्याचे कारण नाही.

राग ओसरल्यावरही विचार टिकला, त्याला थोडे वाचन कारणीभूत होते. एमबीबीएसला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकताना रुडॉल्फ फिरखो यांचे नाव प्रत्येकाने ऐकलेले असते. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियात पसरलेल्या टायफसच्या साथीची पाहणी करायला प्रशियाच्या सरकारने या तरुण डॉक्टरला पाठवले, आणि त्यांनी अहवालात औषधांबरोबरच शिक्षण, स्वराज्य आणि लोकांचे दारिद्र्य यांविषयी लिहिले. त्यांचे ‘राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे वैद्यकशास्त्र’ हे वाक्य भाषणांत वारंवार येते, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. ते १८५९ मध्ये बर्लिनच्या नगरपालिकेवर निवडून गेले आणि १९०२ मध्ये मृत्यू होईपर्यंत सदस्य राहिले. शहराची भुयारी गटारे, पाणी आणि रुग्णालये यांच्या कामात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. पेशीविज्ञानात नाव कमावलेला माणूस गटारांच्या आराखड्यांवर डोके घालत बसला, हे वाचून मला बराच धीर आला.

विधानसभा नको आणि जिल्हा परिषदच का, असे मला तेव्हाही विचारले गेले. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतात व त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. ग्रामीण रुग्णालयापासून वरची रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे असतात व जिल्ह्यात ती जिल्हा शल्यचिकित्सक पाहतात. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज संस्थांसाठी जे २९ विषय अकराव्या अनुसूचीत घातले, त्यांत आरोग्य, स्वच्छता आणि पिण्याचे पाणी आहे. शिवाय आमच्या जिल्हा परिषद गटाची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाची, हद्द आणि माझ्या आरोग्य केंद्राची हद्द जवळपास एकच होती. ज्या गावांतील प्रत्येक विहीर मला ठाऊक होती, तेथूनच उभे राहणे मला प्रामाणिक वाटले.

घरात चर्चा झाली. यजमान कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, त्यामुळे चूल बंद पडणार नव्हती. पण माझा पगार थांबल्यावर मुलीचे शिक्षण आणि घराचे हप्ते कसे निभवायचे याचा हिशेब आम्ही दोघांनी वहीत मांडला आणि वर्षभराचा खर्च बाजूला काढल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही असे ठरवले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “दवाखान्यात लोक तुझ्याकडे येतात. तिथे तुला लोकांकडे जावे लागेल, आणि ते बसा म्हणतीलच असे नाही.”

जून २०१६ मध्ये राजीनाम्याचा अर्ज केला. येथे सेवेतील डॉक्टरांनी थोडे थांबून वाचावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला राजकारणात व निवडणुकीत भाग घेता येत नाही, म्हणून राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्त होईपर्यंत मी एकाही पक्षाच्या बैठकीला गेले नाही. स्वेच्छानिवृत्तीसाठी २० वर्षांची सेवा लागते, ती माझी नव्हती. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेले असल्याने जुनी पेन्शन नव्हतीच. पगारातून कपात होऊन साठणाऱ्या अंशदायी पेन्शन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडताना जमा रकमेच्या ८० टक्क्यांची वार्षिकी (ठरावीक काळाने पेन्शन देणारी योजना) घ्यावी लागत असे आणि हातात २० टक्केच येत. म्हणजे ‘राजीनामा दिला की फंड मिळेल, त्यात निवडणूक होईल’ हा हिशेब कोणी करत असेल तर त्याने तो आताच सोडून द्यावा.

अर्ज तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, उपसंचालक अशा पायऱ्या चढत शासनापर्यंत जातो आणि प्रत्येक पायरीवर एखादा कागद कमी असल्याचे कळते. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, लेखा आक्षेप नसल्याचा दाखला, निवासस्थानाच्या वीजबिलाची थकबाकी नसल्याचा दाखला असे एकेक करत सगळे जमवले. सर्वांत वेळखाऊ ठरले ते पदभार हस्तांतरण. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, १९९० च्या दशकातले एक निर्जंतुकीकरण यंत्र होते, जे मी कधी पाहिलेही नव्हते. ते अखेर उपकेंद्राच्या माळ्यावर गंजलेल्या अवस्थेत सापडले तेव्हा औषधनिर्मात्याने आणि मी त्याचा फोटो काढून पंचनामा केला. रुग्ण कल्याण समितीचे हिशेब, वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांची नोंदवही आणि शवविच्छेदनाचे बाकी अहवाल हे सगळे तारखेनिशी सुपूर्द करून पोच घ्यावी. अशा प्रकरणांत साक्षीसाठी न्यायालयाचे समन्स राजीनाम्यानंतरही येतात आणि तेव्हा मूळ कागद कोणाकडे आहेत हे आपल्याला सांगता आले पाहिजे. मंजुरीचे आदेश नोव्हेंबरच्या अखेरीस हातात आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कार्यमुक्त झाले.

दरम्यान आणखी दोन गोष्टी चालू होत्या. जिल्हा परिषदेला उभे राहायचे तर त्या जिल्हा परिषदेच्या मतदार यादीत नाव लागते. मी केंद्राच्या निवासस्थानी राहत असले तरी माझे नाव सासरी, तालुक्याच्या गावी, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत होते आणि नगरपालिकेचा मतदार जिल्हा परिषदेला उमेदवार होऊ शकत नाही. विधानसभा मतदारसंघ एकच असल्याने त्या वेळी नमुना ८अ भरून नाव बदलता आले. आता अर्जांचे नमुने बदलले आहेत, तरी मुद्दा तोच आहे. हे काम यादीच्या पुनरीक्षणाच्या काळातच उरकावे, निवडणूक जाहीर झाल्यावर कोणी दाद देत नाही. निवासस्थान सोडावे लागणार म्हणून त्याच गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि कार्यमुक्त झाल्यावर तेथेच एक छोटा दवाखाना सुरू केला.

दुसरी गोष्ट आरक्षणाची सोडत. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात झाली, तेव्हा माझा राजीनामा मंत्रालयाच्या वाटेवर कोठेतरी होता. गट माझ्यासाठी खुला नसलेल्या प्रवर्गाकडे गेला असता तर पाच वर्षे थांबावे लागले असते. तो सर्वसाधारण महिलांसाठी राखीव निघाला. यानंतर एक मौज झाली: आतापर्यंत जे गृहस्थ स्वतः इच्छुक होते त्यांनी आपापल्या पत्नींची नावे पुढे केली आणि त्यांतील दोघांनी माझ्या यजमानांना भेटून ‘सर, तुम्हीच बघा आता, मॅडमना कशाला त्रास’ असे सुचवले. यजमानांनी त्यांना चहा दिला.

राज्य निवडणूक आयोगाने ११ जानेवारी २०१७ रोजी कार्यक्रम जाहीर केला आणि आचारसंहिता लागली. मराठवाड्यातील जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्याच सुमारास एका पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती ठेवल्या. मी आरोग्य केंद्राच्या हद्दीतील पाण्याच्या नमुन्यांचा तीन वर्षांचा तक्ता घेऊन गेले होते; तो कोणी उघडला नाही. पहिला प्रश्न आला, गटात तुमच्या समाजाची मते किती. दुसरा, खर्च किती करू शकाल. ५० ते ६० जागांच्या जिल्हा परिषदेसाठी त्या वेळी आयोगाची खर्चमर्यादा ४ लाख रुपये होती, तेवढे मी सांगितले. समोरच्यांपैकी एक जण हसून म्हणाले, “ते कागदावरचे झाले, मॅडम.” मी म्हटले, माझे कागदावरचेच असेल. बाहेर पडताना उमेदवारी मिळणार नाही अशी माझी खात्री झाली होती. ती मिळाली, याचे कारण माझा तक्ता नव्हता. दुसऱ्या दोन इच्छुकांत समेट होईना, म्हणून तिसरे नाव सोयीचे पडले.

उमेदवारी अर्ज २७ जानेवारीपासून घेतले जाणार होते. अर्ज आणि शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, छापून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचे होते. ही ऑनलाइन पद्धत तेव्हा नवीन असल्याने तालुक्यातील प्रत्येक नेट कॅफेसमोर पांढऱ्या कपड्यांची रांग लागलेली असे आणि दुपारी संकेतस्थळ मंदावे, म्हणून मी पहाटे अर्ज भरला. शपथपत्रात मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. सोबत १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले नसल्याचे घोषणापत्र, राहत्या घरी शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचा दाखला, कराची थकबाकी नसल्याचा दाखला, गटातील मतदार असलेल्या सूचकाची सही आणि निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा तपशील हवा होता. घर भाड्याचे असले तरी शौचालयाचा दाखला लागतोच, आणि तो देणारे ग्रामसेवक नेमके त्या आठवड्यात पंचवीस ठिकाणी हवे असतात. तेव्हा हा दाखला आधीच मागून ठेवावा.

बँक खात्याची तर निराळीच गंमत होती. नोटाबंदी होऊन तीन महिने व्हायचे होते आणि बचत खात्यातून आठवड्याला २४ हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येत नव्हते. गाडीवाला, मंडपवाला, भोंगेवाला या सगळ्यांना धनादेश घ्यायला लावणे हे प्रचाराइतकेच अवघड काम ठरले. एका दृष्टीने ते माझ्या पथ्यावर पडले, कारण प्रत्येक पैशाचा माग आपोआप कागदावर राहिला.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, शेवटच्या दिवशी, १ फेब्रुवारीला, मुदत संपायला थोडा वेळ असताना आला. दुसऱ्या दिवशीच्या छाननीत प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या वकिलांनी हरकत घेतली की राजीनामा मंजूर असला तरी मी अद्याप शासकीय सेवेत असल्याचे समजावे, कारण माझे अंतिम देयक निघालेले नाही. मी मंजुरीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश आणि पदभार दिल्याची पोच अशा साक्षांकित प्रती दिल्या. अधिकाऱ्यांनी त्या शांतपणे वाचल्या, तारखा टिपून घेतल्या आणि हरकत फेटाळली. ते काही मिनिटे चालले असेल, पण त्या काही मिनिटांत माझे हात बर्फासारखे गार पडले होते, आणि कठीण बाळंतपणातही माझे असे कधी झाले नव्हते.

प्रचाराला जेमतेम दोन आठवडे मिळाले. सर्वांत आधी मी आचारसंहितेच्या काळात मोफत तपासणी पूर्ण बंद केली. कार्यकर्त्यांना हे अजिबात पटले नाही. डॉक्टर उमेदवाराने शिबिरे घ्यायची नाहीत तर काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. परंतु फुकट औषध हे मतदाराला दिलेले आमिष ठरू शकते, आणि तसे न ठरले तरी रुग्णाने गोळी घेताना आपल्या मताचा विचार करावा हे मला नको होते. दवाखान्यात नेहमीची फी घेतली. आशाताईंना प्रचारापासून दूर राहायला सांगितले, कारण निवडणुकीनंतर त्यांना सगळ्याच घरांत जायचे होते. कोणत्या घरात कोणता आजार आहे हे मला ठाऊक असणे ही प्रचारात अडचणच होती. पूर्वी क्षयाचे औषध घेतलेला एक माणूस मी अंगणात शिरताच घरात निघून गेला. ओळख न दाखवता नमस्कार करून पुढे जाणे मी त्या दिवसापासून पाळले.

लोक आरोग्यावर मत देत नाहीत, असे मला सगळ्यांनी बजावले होते आणि ते बरेचसे खरे निघाले. रस्ता, घरकुल, विहिरीचे अनुदान, पीक विमा याच गोष्टी बोलल्या जात. पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता मी प्रत्येक गावात नेला, त्यावर साधारण कोणी बोलत नसे. पण ज्या गावात साथ आली होती तेथे बायकांनी तो हातात घेऊन आपल्या गल्लीचा नळ शोधला. एका वस्तीवर एका आजोबांनी विचारले, “साप चावला तर औषध इथं मिळंल का पुन्हा तालुक्यालाच धाडणार?” खरे उत्तर असे होते की सर्पदंशावरची लस आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये असते, पण रात्री एकटी परिचारिका ती द्यायला धजत नाही, कारण प्रतिक्रिया आली तर सावरायला डॉक्टर हवा. आणि लगेच पुढचा प्रश्न आला, तो मला अपेक्षित होता तरी झोंबला: “मग मॅडम, तुम्ही तर निघून आलात. आता दवाखान्यात कोण?” माझ्या जागेवर तेव्हा शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार होता आणि ते आठवड्यातून मोजकेच दिवस येत. मी तेच सांगितले. सभा तेथे फारशी रंगली नाही.

१६ फेब्रुवारीला मतदान झाले. दुसऱ्या टप्प्याचे मतदान बाकी असल्याने मोजणी २३ तारखेला होती. मधल्या आठवड्यात मी दवाखाना उघडून बसले, कारण घरी बसले तर प्रत्येक बूथचा हिशेब ऐकावा लागे. काहीशे मतांच्या फरकाने मी निवडून आले. दोन प्रबळ उमेदवारांत मते फुटली नसती तर निकाल वेगळा लागला असता, हे आकडेच सांगत होते.

निकालाच्या धामधुमीत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे खर्चाचा अंतिम हिशेब. तो निकालापासून ३० दिवसांत सादर करावा लागतो, जिंकलेल्यांनीही आणि हरलेल्यांनीही, आणि तो न दिल्यास अपात्रता ओढवू शकते. चहा, खुर्च्या, भोंगा, गाडी यांचे दर प्रशासन ठरवून देते व आपण कमी पैसे दिले असले तरी हिशेब त्या दराने धरला जातो. माझा एकूण खर्च साडेतीन लाखांच्या आसपास गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा गाड्या आणि डिझेलचा होता आणि बहुतेक रक्कम आमच्या बचतीतून गेली. हे आकडे २०१७ चे आहेत, मर्यादा नंतर वाढल्या आहेत. आयोगाचा ताजा आदेश वाचूनच ठरवावे.

२१ मार्चला अध्यक्षांची निवड झाली आणि त्यानंतर विषय समित्या बनल्या. मला आरोग्य समितीचे सदस्यत्व मिळाले. सभापतिपद युतीच्या गणितात दुसरीकडे गेले. अशी पदे वाटताना विषयाचे ज्ञान कोणी विचारात घेत नाही आणि सभापतींना माझ्याहून सभाशास्त्र अधिक येत होते, हेही तितकेच खरे. पहिल्या काही सभांत मी बोलत राहिले आणि काहीच घडले नाही. मग एका ज्येष्ठ सदस्याने समजावले की आयत्या वेळच्या विषयांत मांडलेली गोष्ट हवेत विरते. प्रश्न लेखी द्यावा, मुदतीत द्यावा, विषयपत्रिकेवर आणावा आणि पुढच्या सभेत अनुपालन अहवाल, म्हणजे त्यावर काय कार्यवाही झाली याचा अहवाल, मागावा. अशा रीतीने मी एकच मागणी धरून ठेवली: दर महिन्याला पाण्याचे अयोग्य नमुने कोणत्या ग्रामपंचायतीतून आले, त्यांना पत्र केव्हा गेले आणि उत्तर काय आले, याचा तक्ता आरोग्य आणि पाणीपुरवठा या दोन्ही समित्यांसमोर एकाच नमुन्यात ठेवावा. हिवाळ्यापर्यंत तो येऊ लागला. सुरुवातीला उत्तराचा रकाना मोकळाच असे, पण यादीत गावाचे नाव वाचले गेले की सरपंच फोन करू लागले.

पैशांच्या बाबतीत मात्र वेगळेच चित्र दिसले. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना जात होता. जिल्हा परिषदेला त्यातून काही मिळत नव्हते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी राज्याच्या सोसायटीकडून खर्चाच्या ठरलेल्या शीर्षांवर येई, त्यातला रुपया इकडचा तिकडे करण्याचा सदस्याला अधिकार नव्हता. उरला तो जिल्हा परिषदेचा स्वनिधी, म्हणजे तिचे स्वतःचे उत्पन्न, आणि तो सगळ्या खात्यांत वाटला जाई. म्हणून मी ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यांकडे वळले. त्यात आरोग्य, शिक्षण आणि उपजीविका यांसाठी किमान २५ टक्के तरतूद अपेक्षित होती, पण आरोग्याच्या ओळीखाली बहुतेक ठिकाणी अंगणवाडीची रंगरंगोटी असे. ग्रामसभांना जाऊन तेथे टीसीएल, ओटीचे द्रावण आणि व्हॉल्व्हची दुरुस्ती लिहून घेणे हे माझ्या पाच वर्षांतले सर्वांत उपयोगी काम झाले, आणि त्यासाठी खरे तर सदस्य असण्याची गरज नव्हती; फरक एवढाच की आता ग्रामसेवक खुर्ची पुढे करत आणि मांडलेले लिहून घेत. तो गटाराशेजारचा व्हॉल्व्ह २०१८ च्या पावसाळ्याआधी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, उंच चौथऱ्यावर बसवला गेला.

माझ्या रिकाम्या जागेचे काय झाले, हेही सांगायला हवे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची नियुक्ती शासनाकडून होते. जिल्हा परिषद ठराव करून मागणी पाठवू शकते, तेवढेच. आम्ही ठराव केला. कित्येक महिन्यांनी बंधपत्रित सेवेवर (शिक्षणानंतर करावी लागणारी सक्तीची सरकारी सेवा) एक तरुण डॉक्टर आला, उत्तम काम करू लागला आणि बंधपत्राचे वर्ष संपताच पदव्युत्तर शिक्षणासाठी निघून गेला. पुन्हा अतिरिक्त कार्यभार, पुन्हा ठराव. आरोग्य समितीत रिक्त पदांचा विषय निघाला की सभापती माझ्याकडे पाहून गालात हसत, आणि त्यावर मला उत्तर सुचत नसे. राजीनामा देण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हा हिशेबही मांडावा. सेवेत राहून तो रोज जे रुग्ण तपासतो, ते त्याच्या निवडून येण्याने कोणी दुसरा तपासत नाही.

मार्च २०२२ मध्ये आमची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक आले. विषय समित्यांच्या सभा थांबल्या, त्याबरोबर तो मासिक तक्ताही कोणासमोर येईनासा झाला. मी आता दवाखाना चालवते. अयोग्य नमुन्यांची यादी माहितीच्या अधिकारात मागते. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, तालुका आणि महिना स्पष्ट लिहावा आणि ‘ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राचा जावक क्रमांक’ हा रकाना आवर्जून मागावा, म्हणजे पत्र खरोखर गेले की नाही ते कळते.